कुमुदच्या गालांवरची लाली

माझी धाकटी जाऊ कुमुद दिसायला बेताचीच. पण पन्नाशी उलटली आणि तिच्या गालांवर लाली चढायला लागली. बसल्या जागी चेहरा कानापर्यंत लालबुंद व्हायचा, मग आपोआप उतरायचा. आमच्या मराठी मंडळातल्या बायका विचारायच्या, “कुमुदताई, कोणतं क्रीम लावता हो?” मीही म्हणायचे, दिल्लीचं पाणी मानवलं बाईला.

पोट मात्र तिचं कायम बिघडलेलं. दर संक्रांतीला आमच्या मंडळाची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला जाते. कुमुदपायी बस प्रत्येक ढाब्यावर थांबायची. राजाभाऊ, म्हणजे माझे दीर, कुमुदचे यजमान, चारचौघांत म्हणायचे, “मराठे इतक्या वेळा थांबले असते तर पानिपत झालंच नसतं.” सगळे हसायचे. कुमुदही हसायची. एक डॉक्टर म्हणाला, पाळी जाताना असं होतं. दुसरा म्हणाला, मॅडम, आप टेन्शन बहुत लेती हैं. सरकारी ऑफिसात फायली उपसून, दोन बस बदलून गाझियाबादला येणाऱ्या बाईला टेन्शन घेऊ नका म्हणायचं आणि वर फी घ्यायची!

मग पित्ताचे खडे बघायला म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर डाग दिसले. तिथून तपासण्या, दिल्लीचं मोठं हॉस्पिटल. राजाभाऊंना हॉस्पिटलात गेलं की चक्कर येते, म्हणून सोबतीला मी. मी चौथी शिकलेली. कागद वाचून काही कळलं नसतं, पण तिथल्या डॉक्टर देविका मराठी निघाल्या. त्यांनी समजावलं, ते माझ्या डोक्यात शिरलं.

“हा हळू वाढणारा ट्यूमर आहे,” त्या म्हणाल्या. “आतड्यात सुरू झाला आणि लिव्हरभर पसरला. चेहरा लाल होतो, जुलाब होतात, ते सगळं यानंच. आता कापून काढता येणार नाही. पण याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहणारी माणसं माझ्याकडे येतात.”

दर महिन्याला कुल्ल्यात खोल एक सुई, त्यानं लाली आणि पोट आवरतं, गाठीही दमानं घेतात. शिवाय शिरेतून किरणांचं औषध, ते गाठी हुडकून त्यांनाच चिकटतं. त्याचे चार डोस, दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं. ते नाही चाललं तर गोळ्या आहेत, लिव्हरच्या गाठींचा रक्तपुरवठा तोडायचाही उपाय आहे.

जिना उतरताना कुमुद म्हणाली, “वहिनी, भाडेकरूच समजायचा. खोली सोडत नाही, तर निदान दंगा करू नको म्हणायचं.”

सुई तिला मानवली. लाली गेली, बस थांबेनाशी झाली. मंडळातल्या बायका हळहळल्या, “उतरल्या हो कुमुदताई!”

किरणांचा पहिला डोस ठरला तेव्हा कुमुदच्या सुनेला, इशिताला, आठवा महिना होता. डॉक्टर म्हणाल्या, औषध काही दिवस अंगात राहतं, तेवढे दिवस पोटुशीपासून आणि लहान मुलांपासून लांब राहा. म्हणून कुमुद माझ्याकडे आली. एकाच सोसायटीत आमचा टॉवर समोरचा. निराळी खोली, निराळं बाथरूम. मी म्हटलं, “बाई गं, पुन्हा बाजूला बसायची पाळी आली की!” आमच्या तरुणपणी महिन्याचे ते दिवस आम्ही दोघी पाळीपाळीनं बाहेरच्या खोलीत काढलेले. कुमुद हसली. “तेव्हा चौथ्या दिवशी न्हाल्यावर घरात घेत तरी होते.”

ते तिच्या तोंडून सहज गेलं, पण तसंच झालं. डॉक्टरांनी दिलेले दिवस भरले, त्यांनी फोनवर सांगितलं, आता खुशाल घरी जा. मुलगा मानस म्हणाला, “आई, अजून थोडं थांब ना. रिस्क कशाला?” इशिताची आई लखनौहून आली होती. तिनं मोबाइलवर काहीबाही वाचलेलं. बाळंतपण होईपर्यंत कुमुद माझ्याकडेच राहिली. खिडकीतून आपल्या घराचा दिवा बघायची. हातात लोकर. नातवाला कुंची विणत होती.

दुसरा डोस तिनं डॉक्टरांना विचारून थोडा पुढे टाकला. म्हणाली, “बारसं होऊ दे. पाळण्याखालून बाळ मला घ्यायचंय. पाळण्यापलीकडे तुम्ही उभ्या राहा, वहिनी. दुसरं काही नको मला.”

बारशाला ती जरीची साडी नेसून गेली. मानसनं दाराजवळ खुर्ची दाखवली. “आई, तू इथे बस. दगदग नको तुला.” पाळण्याशी इशिताची आई आणि शेजारची कोणीतरी उभी राहिली. नाव ठेवलं राघव. कुंची प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलेली मी पाहिली.

“अरे, डॉक्टरांनी कधीच मोकळं केलंय तिला,” मी म्हटलं.

“काकू, यू डोंट अंडरस्टँड. किरणं दिसत नाहीत.”

“तुझी आई तर दिसते ना?”

राजाभाऊ पेढे वाटायला उठले.

तीन महिने झाले. लखनौची आई परत गेली. बाळाला सांभाळणारी बाई छठपूजेला गावी गेली ती आलीच नाही. इशिताचं ऑफिस घरूनच सुरू झालं, मीटिंगवर मीटिंग. आणि एका सकाळी मानस आजारपणाच्या रजेवर असलेल्या कुमुदच्या मांडीवर राघवला ठेवून म्हणाला, “आई, जरा बघशील?” किरणं कुठे गेली ते कोणी डॉक्टरांना विचारलं नाही.

बारशानंतरही राहून गेलेला दुसरा डोस आता घ्यायचा तर पुन्हा बाळापासून लांब राहायचं. मानस म्हणाला, “थोडं पोस्टपोन करूया ना, आई? दुसरी बाई मिळेपर्यंत.” डॉक्टर देविकांचा फोन आला, “किती पुढे ढकलणार?” कुमुद म्हणाली, “बघते.” मग सुईच्या तारखाही हुकायला लागल्या, कारण हॉस्पिटलात दिवस जातो आणि बाळाला कोण घेणार?

मी मानसला गाठलं. “मी सांभाळते राघवला. तू आईला घेऊन जा.”

“काकू, तुम्हाला उठताना आधार लागतो. पुढच्या महिन्यात नक्की.”

कुमुदवरही ओरडले. तिनं राघवला छातीशी घट्ट धरलं. “वहिनी, आता कुठे दिलाय हो त्यांनी माझ्या हातात. परत बाजूला बसले तर या वेळी किती दिवस बसवतील, कोणी सांगावं?”

“भाडेकरू माजेल, कुमुद.”

“माजू दे. राघव तरी मला हात लावतो.”

गेल्या रविवारी मंडळातल्या बायका बाळ बघायला आल्या. कुमुद त्याला खेळवत होती. बघता बघता तिचे गाल लाल झाले, मग कपाळ, मग कान. राघव ते बघून खिदळला आणि दोन्ही हातांनी तिचे गाल चापटायला लागला.

“अय्या, कुमुदताई!” एक जण म्हणाली. “नातवानं लाली परत आणली हो!”

“लाली कसली, सुई चुकलीय तिची,” मी म्हटलं. “महिना झाला.”

“काकू, प्लीज,” मानस म्हणाला. इशितानं लॅपटॉपचा आवाज वाढवला. बायकांतल्या कोणीतरी चिवड्याची कृती विचारली.

कुमुद उठली. राघवला माझ्या मांडीवर दिलं आणि पोट धरून आत पळाली. बाथरूमचं दार लागलं. तो तिच्या वाटेकडे बघून रडायला लागला. मी त्याला थोपटत राहिले. कुमुदला यायला वेळ लागणार होता.