बाटलीतले बुडबुडे

“सर, बुडबुडे थांबत नाहीयेत. ऑपरेशन फेल गेलंय.”

अभिजित मला लिफ्टपाशीच गाठून बोलत होता. मूळचा कोल्हापूरकडचा, आता चेन्नईजवळ ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. त्याचे वडील अप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मुलाकडे राहायला आले आणि विड्या ओढून पोखरलेल्या फुफ्फुसावर आलेला हवेचा फुगा इथेच फुटला. फुफ्फुस बसलं. बरगड्यांमध्ये तीन छोटी भोकं पाडून, एकातून कॅमेरा घालून, मी तो फुगा कापून काढला होता. याला कीहोल सर्जरी म्हणतात. भोक लहान म्हणजे आजारही लहान, असं लोकांना वाटतं. समजावून माझा घसा सुकलाय.

ऑपरेशननंतर छातीत एक नळी ठेवतात. तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या बाटलीत, पाण्याखाली. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण परत आत जाऊ शकत नाही. फुफ्फुस पुरतं भरून येईपर्यंत हे चालायचंच.

“लीक आहे,” मी म्हणालो. “काही दिवस राहील. आपोआप भरेल.”

“आमच्याकडे रेडिएटर पाण्यात बुडवतात सर. एक बुडबुडा आला तरी पार्ट रिजेक्ट.”

“मग अप्पांना रिजेक्ट करायचं का?”

तो हसला नाही. “पुन्हा उघडा. या वेळी मोठी चीर दिली तरी चालेल.”

“त्यांचं फुफ्फुस ओल्या कागदासारखं झालंय. आणखी टाके घातले तर टाक्यांच्या भोकांतून हवा येईल. थांबायचं.”

सकाळपासून दोन ऑपरेशनं झाली होती आणि खाली ओपीडी तुंबली होती. मी निघून गेलो.

तिसरा पेशंट तपासत होतो तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. “सर, उडने वांगो!” ताबडतोब या, एवढंच. ती उगाच घाबरणारी नाही. मी जिन्यानेच धावलो.

अप्पा कॉटवर ताठ बसले होते. ओठ निळे, मान सुजलेली, श्वास वरच्या वर. सिस्टर ऑक्सिजन लावत होती. खालची बाटली मात्र एकदम शांत. एक बुडबुडा नाही.

मी चादर बाजूला केली. नळीवर स्टीलचा क्लॅम्प लावलेला होता. नळी चुकून निसटली तर दाबायला म्हणून आम्ही तो उशाशी ठेवतो.

क्लॅम्प काढला. बाटलीतलं पाणी खदखदून उसळलं. कोंडलेली हवा छातीत साठून हृदयालाही दाबत होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर अप्पा गेले असते. हळूहळू त्यांचे ओठ लाल झाले.

“कोणी लावला?”

“मी,” अभिजित भिंतीला टेकून म्हणाला. “आमच्याकडे लीक कुठल्या बाजूला आहे ते बघायला लाइन बंद करून बघतात. लावला आणि बुडबुडे थांबले. मला वाटलं... मला बरंच वाटलं सर.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. खरं सांगतो, तेवढं त्राण नव्हतं. आणि तो रडत होता.

अप्पांनीच हात वर केला. “त्याला बोलू नगा डाक्टर. पोरगं जेवलं न्हाई, झोपलं न्हाई. नुसतं त्या बाटलीकडं बघत बसलंय.” त्यांनी दम घेतला. “एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर कळलं असतं, मी गुदमरतोय त्ये.”

पुढच्या आठवड्यात बुडबुडे आपणहून थांबले. एक्स-रेत फुफ्फुस भरलेलं दिसलं, नळी काढली, अप्पा चालत घरी गेले. अभिजित पाया पडायला वाकला, त्याला मी वरच्या वर धरला.

क्लॅम्प अजून उशाशीच असतो, नियमच आहे. फक्त आता त्यावर सिस्टर तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवते. मराठीत मी लिहून दिलीय. राउंडला गेलो की सगळे मला आधी बाटलीचंच विचारतात. मी आधी पेशंटच्या तोंडाकडे बघतो.