गुलाबी अक्षरांखालची ओळ

"माणूस हसतोय ना? मग सबटायटलही हसरं हवं," फियोना म्हणाली.

फियोना माझी बॉस. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमचं ऑफिस आहे. परदेशी कार्यक्रमांना इंग्रजी सबटायटल्स लावायची, हे आमचं काम. जपानी माझ्याकडे. ते मी पुण्यात शिकले, कुलकर्णी मॅडमच्या डायनिंग टेबलावर.

समोर होता एक ब्रिटिश शो. एक विनोदी नट जपानला जातो, हॉटेलच्या खोलीत बसून तिथला टीव्ही बघतो आणि पोट धरून हसतो. जपानी टीव्ही गमतीशीर आहेच. पहिल्यांदा ओसाकाला गेले तेव्हा मुळा कसा किसावा यावरचा एक तासाचा कार्यक्रम मी जेवण विसरून बघितला होता. तिथे बोललेलं वाक्य पडद्यावर पुन्हा भल्यामोठ्या रंगीत अक्षरांत उमटतं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्टुडिओतल्या पाहुण्यांचे चेहरे दिसतात, म्हणजे कुठे हसायचं आणि कुठे रडायचं ते बघणाऱ्याला कळतं. मला हे सगळं मनापासून आवडतं. म्हणूनच त्या दिवशी चीड आली.

क्लिपमध्ये खेड्यातले एक आजोबा होते. टेबलावर सुपाचे दोन वाडगे. बायको जाऊन वर्ष झालेलं. ते हसत हसत सांगतात, "अजून दोघांचंच करतो मी. हात ऐकत नाहीत." मूळ कार्यक्रमात कोपऱ्यातली पाहुणी डोळे पुसत होती. ब्रिटिश एडिटरने ती चौकटच कापली. गुलाबी अक्षरं ठेवली, कारण ती म्हणे क्यूट दिसतात.

फियोनाला खाली हवं होतं, "आय ईट फॉर टू." म्हणजे आजोबा खादाड.

"ते बायकोबद्दल बोलतायत, फियोना. ती वारली आहे."

"पण ते हसतायत."

"समोरच्याला अवघडायला नको म्हणून. माझे आजोबाही असेच हसायचे."

"अश्विनी, इट्स अ कॉमेडी शो."

सबटायटलला जास्तीत जास्त दोन ओळी मिळतात, आणि त्या वाचून होतील इतकेच सेकंद. मी खरा अर्थ दोन ओळींत बसवून दाखवला. फियोनाने तो वाचला, मान डोलावली. "लव्हली. आय'ल बेअर इट इन माइंड."

लक्षात ठेवते म्हणाली. मी खूश होऊन फाइल तिच्याकडे पाठवली.

शो लागला, चॅनेलने तीच क्लिप इंटरनेटवर टाकली. मी ती न बघताच पुण्याला कुलकर्णी मॅडमना फॉरवर्ड केली. "सबटायटल्स माझी आहेत बरं का, मॅडम." एवढी हौस.

उत्तर लगेच आलं. "अगं, वर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तुला वाचता आलं नाही?"

मग मी क्लिप उघडली. वर गुलाबी अक्षरांत आजोबांचं वाक्य. त्याच्या बरोबर खाली, "आय ईट फॉर टू." मागे हशा.

मी तडक फियोनाकडे गेले. "तू हो म्हणाली होतीस."

"मी लक्षात ठेवते म्हणाले होते," ती म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. आता बदलता येणार नाही, असंही तिने गोड आवाजात सांगितलं.

शेजारच्या डेस्कवर मीरा बसते. तिचा जन्म कॉव्हेंट्रीतला. ती हळूच म्हणाली, "ताई, 'बेअर इट इन माइंड' म्हणजे नो असतो. एव्हरीवन नोज."

जपानी माणूस 'विचार करून बघू' म्हणाला की 'नाही' समजायचं, हे मॅडमनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी ते वहीत लाल शाईने लिहिलं होतं. तेच वाक्य इंग्रज बाईने उच्चारलं आणि मी मुकाट गिळलं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या दुःखाचा विनोद झाला, आणि तो माझ्या नावावर.

मॅडमना मी अजून उत्तर दिलेलं नाही. 'वाचता आलं होतं' असं लिहिलं तर ते जास्तच वाईट.

आता मी प्रत्येक ईमेलच्या शेवटी विचारते, येस ऑर नो? अप्रेझलमध्ये फियोनाने शेरा मारलाय, अश्विनीला इंग्रजीतले बारकावे अजून कळत नाहीत. शेरा खरा आहे. मी खाली सही केली.