रिकाम्या जागेचा वैरी

आमच्या थोरल्या साडूंइतका रिकाम्या जागेचा वैरी अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. शेलूबाजारच्या फाट्यावर त्यांची जीप लागते, आणि ती गच्च भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही हा त्यांचा धर्म. एकदा त्यांनी माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईचा नातू बसवला, नातवाच्या मांडीवर टरबूज आणि टरबुजावर कोंबडी. मी कुरकुरलो तर म्हणाले, "भाऊ, जागा मनात पायजे, गाडीत आपोआप होते." लग्नाच्या पंगतीतही दोन पानांच्या मधे ते तिसरं घुसवतात.

अशा माणसाच्या घरी नात आली ती नेमकी उलटी. चिऊ स्वमग्न आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऑटिझम. बोलत नाही, गोंगाट सोसत नाही, कुणी खेटलं की किंचाळते. उपचाराच्या बाई अकोल्याला. तिथवर पोचेपर्यंत पोर अर्धमेली व्हायची, मग शिकणार काय? साडूंचा जीव तुटायचा. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुमच्या भागातली आणखी मुलं जमली, तर दर मंगळवारी मीच शेलूबाजारला येईन."

जमवण्याखेरीज साडूंना दुसरं येतंच काय? दुसऱ्या दिवशी फाट्यावर आरोळी सुरू, "चला ऑटिझम, ऑटिझम, चार सीट बाकी!" ज्यांच्या घरी तसं लेकरू होतं, ते तोंड लपवून दुसऱ्या जीपमध्ये चढले. मेहुणीबाईंनी साडूंना चांगलंच झापलं, "अवो, लोकायचे लेकरं हायेत ते, सवाऱ्या नाहीत. घरी जाऊन बोला." मग ते शिरपूरपासून जऊळक्यापर्यंत घरोघर गेले, हळू बोलले. त्यांचं हळू बोलणंही शेजारच्या गल्लीत ऐकू जातं, पण आधी स्वतःच्या नातीचं सांगायचे, म्हणून लोक मोकळे झाले. सरपंचांनी समाजमंदिर दिलं, आयांनी ते झाडून-पुसून घेतलं, गादीवाल्याने गाद्या आणून टाकल्या.

पहिल्या मंगळवारी साडूंनी समाजमंदिरही जीपसारखं भरलं. लेकरं, आईबाप, सरपंच, हारतुरे, बघे आणि वर बँडवाले. ढोलाच्या पहिल्या थापेसरशी चिऊ भिंतीवर डोकं आपटू लागली. बाकीची लेकरंही रडायला लागली, आया त्यांना कडेवर घेऊन दाराकडे निघाल्या. एवढी खटपट करून जमलेलं सगळं तिथंच मोडणार, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "काका, यांना जागा लागते. मोकळी." साडूंनी जन्मात पहिल्यांदा माणसं बाहेर काढली. बँडवाल्यांना, सरपंचांना, मला आणि शेवटी स्वतःला. दार लोटून ते पायरीवर बसून राहिले. आतलं रडणं हळूहळू निवलं. एकही आई लेकरू घेऊन घरी गेली नाही.

आता दर मंगळवारी ते गावोगावची लेकरं जीपमधून आणतात, तीही सैल बसवून. पुढे खिडकीशी चिऊ असते. गाडी मोकळी असली की तिला खिडकी फार आवडते. परवा वाटेत मी हात दाखवला आणि सवयीने पुढे, चिऊ आणि साडूंच्या मधे बसायला गेलो.

"मांगं बसा, भाऊ. ते सीट भरेल हाये."

तिथे कुणीच नव्हतं. चिऊने मनात आणलं तर सरकून आजोबांजवळ यायला, तेवढी जागा ते राखून ठेवतात. अजून ती सरकलेली नाही. मी मागे बसलो, आणि साडूंनी जीप हळूच पुढे काढली.