गोठ्याच्या दाराची पेटी

कार्तिक वद्य तृतीया, मंगळवार.

हजर: आमचे घरधनी; त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भावजी, बेळगावहून दिवाळीला आलेले आणि अजून न गेलेले; मामंजी, अंगणातल्या बाजेवर; पलीकडच्या वाडीतला शेजारी आणि त्याची बायको, दोघं पैऱ्यावर, म्हणजे आज त्यांनी आमच्यात राबायचं आणि त्यांच्या भातकापणीला आम्ही त्यांच्यात; आणि मी.

गैरहजर: गोठ्याचं दार.

हजेरी मी रोजच घेते, मनातल्या मनात. कोण राबलं, कोण नुसतं दिसलं आणि कोण जेवायच्या वेळेला उगवलं, हे लोक दिवे लागेपर्यंत विसरतात. मग राबलेल्यांच्या जोडीला बसलेलेही कंबर धरून कण्हायला लागतात. त्या मंगळवारी सगळ्यांत जास्त कण्हले ते भावजी.

आमचं बेण, म्हणजे घरामागच्या उतारावरचं गवताचं रान, काही मोठं नाही. वरून हाक मारली तर खाली गोठ्यातली म्हैस मान वळवते, एवढंच. पण दिवाळीनंतर कापलेलं तेवढं गवत एका म्हशीला आणि दोन बैलांना पावसाळ्यापर्यंत पुरतं. आदल्या साली पुरलं नाही. माळ्यावर मावलं नाही त्याची गंज अंगणाबाहेर रचली होती, ती गव्यांच्या कळपानं फोडली. खाल्लं कमी, तुडवलं जास्त. चैत्रात काळा बैल खाली बसला तो उठेना. रोज सकाळी एकानं शेपटी, एकानं शिंगं धरून त्याला उभा करायचा, आणि त्यानं आमच्याकडे असं बघायचं की चूक त्याचीच आहे. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या साली गवताची एक काडी छपराबाहेर राहणार नाही आणि काळा बैल आपल्या पायांनी उठेल.

बेत साधा होता. उन्हात वाळलेलं गवत मंगळवारी पेंढ्या बांधून खाली आणायचं. आधी माळा भरायचा, उरलेलं पडवीत रचायचं. त्यासाठी पडवीतला नांगर, टोपल्या, डालगी आणि मामंजींची बाज मी आधीच बाहेर काढली होती. शेजारी भातकापणी सोडून आला होता. त्याचा हा एकच दिवस मिळणार होता.

भावजींचा बेत वेगळा होता. बेळगावच्या कॅम्पात ते घोड्यांच्या तबेल्यावर कामाला होते. तिथं दाबून बांधलेले गवताचे चौकोनी गठ्ठे येत. ते त्यांनी बघितले होते. बांधले नव्हते, फक्त बघितले होते; पण या घरात तेवढं पुरतं.

"वैनी, पडवी कशाला अडवालीस? गठ्ठे केले तर सगळं गवत माळ्यावरच बसतंय."

"त्याला यंत्र असेल की वो."

"यंत्र कसलं? पेटी हाय ती. आत गवत टाकायचं आणि वरून दाबायचं."

पेटीला फळ्या लागतात. एवढ्या रानात राहून आमच्याकडे फळी नव्हती. जंगलच्या गार्डाला विचारल्याशिवाय काठी तोडायची सोय नव्हती. म्हणून सोमवारी मी बेणात गवत उलटत असताना भावजींनी गोठ्याचं दार उतरवलं, फळ्या सुट्या केल्या आणि चारी बाजूंनी खिळे ठोकून पेटी केली. बूडही ठोकलं. खिळे घरधनी देत होते.

संध्याकाळी मी खाली आले. "दार कुठाय?"

"उद्या सांजंला परत बसवतो की," भावजी म्हणाले.

"आणि आज वाघरू आलं तर?"

"एका रात्रीत कुठलं वाघरू येतंय?"

वाघराला तसं कळवलंय का, हे मी विचारलं नाही. घरधन्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघूया की." आमच्या संसारातले सगळे निकाल या दोन शब्दांत लागलेत. मी बांबूची ताटी आणून गोठ्याच्या तोंडाला बांधली.

मंगळवारी सकाळी शेजारी पेटी बघायला म्हणून जरा थांबला, तो थांबलाच. त्याची बायको आणि मी बेणात पेंढ्या बांधत होतो आणि खाली तीन बापये एका पेटीभोवती उभे होते. पेटीत गवत टाकलं, शेजारी आत उतरला आणि तुडवायला लागला. पहिला भारा घेऊन मी खाली आले तेव्हा पेटी काठोकाठ भरली होती.

"भावजी, बांधायची दोरी कुठाय?"

दोरी गवताखाली आधी अंथरायची असते. मग सगळं गवत उपसलं, दोरी अंथरली आणि पुन्हा पहिल्यापासून तुडवणं सुरू झालं.

"शिमग्यात एवढा नाचला न्हाईस, आणि आता नाचालास गा!" मामंजी बाजेवरून म्हणाले. बाज उन्हात ठेवल्याचा राग त्यांना माझ्यावर काढायचा होता. तो शेजाऱ्यावर निघाला.

"घरात पाटा सरकव म्हटलं की कंबर धरतो ह्यो," शेजारीण डोक्यावरचा भारा टाकत म्हणाली. "इथं बघा अक्का, रेड्यागत उड्या मारालाय."

"तुला कळत न्हाई त्यातलं," शेजारी आतून म्हणाला.

"व्हय, व्हय. तुला कळतंय ते दिसालंय की."

दुपारी गठ्ठा झाला. दगडासारखा घट्ट. शेजारी त्यावर उभा राहून घाम पुसत म्हणाला, "बरं, आता हे भाईर कसं काढायचं?"

पेटीची एकही बाजू उघडत नव्हती. चारही बाजू भावजींनी मन लावून ठोकल्या होत्या. त्यांनी पेटी उपडी केली. काडी पडली नाही. बुडावर दगड मारले. शेवटी भावजी म्हणाले, "कॅम्पातल्या पेटीची एक बाजू उघडत असावी."

"असावी?" मी म्हणाले.

तेवढ्यात गुंद गावाच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वरच्या बेणात निम्म्याहून जास्त गवत तसंच पसरलेलं होतं. मी म्हणाले, पेटी राहू दे तिथंच, सगळे वर चला.

"आता झालंच, वैनी. एवढी एक फळी काढली की झालं."

तिघांना एक फळी काढायची होती. आम्ही दोघी पळत वर गेलो. पेंढ्या बांधायला वेळ नव्हता. हाताला येईल तसं कवळून खाली आणत होतो. मामंजी बाजेवरून उतरून माळ्याच्या शिडीपाशी आले आणि आमच्या हातातलं घेऊन वर फेकायला लागले. तिसऱ्या खेपेला थेंब पडले. घरधनी पेटी सोडून धावत आले, पण तोवर पाऊस नीट सुरू झाला होता. माळा कसाबसा भरला. पडवी रिकामी राहिली. बाकीचं गवत बेणात भिजत पडलं.

एक फळी उपटली तेव्हा गठ्ठा पावसात बाहेर निघाला. भावजी आणि शेजारी, दोघांना तो शिडीवर चढवेना. मग भावजींनी तो ताटीच्या जागी गोठ्याच्या तोंडात लोटून बसवला आणि म्हणाले, "बघा वैनी, दाराचीबी सोय झाली!"

सकाळी मी गोठ्यापाशी गेले तर गठ्ठ्याला मधोमध भोक पडलं होतं आणि त्यातून काळ्या बैलाचं तोंड बाहेर आलं होतं. चघळत होता. त्या सालचा आमचा एकुलता एक गठ्ठा, आणि तेवढंच एक दार, बैलानं रातोरात खाऊन आरपार केलं. त्या पेटीतलं काहीतरी कोणीतरी सार्थकी लावलं, याचं मला बरंच वाटलं. मी ताटी परत बांधली. भावजी त्याच दिवशी बेळगावला गेले. तबेल्यावर त्यांची खोळंब्याची कामं होती म्हणे.

भिजलेलं गवत मी पुन्हा उलटून वाळवलं. ते काळं पडलं होतं, बुरशीचा वास येत होता. म्हशीनं त्यावर एकदा फुर्र केलं आणि मान फिरवली. फाल्गुनात माळ्याचे वासे दिसायला लागले. तिन्ही जनावरांना पुरणार नाही हे स्पष्ट होतं. मी घरधन्यांना म्हटलं, काळ्याला माझ्या माहेरी, खानापूरकडे पाठवा. तिथं गवत आहे. या वेळी ते "बघूया की" म्हणाले नाहीत. कासरा धरून स्वतः घेऊन गेले. काळा बैल आपल्या पायांनी गेला, माझ्या बेतातलं एवढं तरी साधलं. पावसाआधी त्याला परत आणायचा होता. माझ्या भावानं आणून दिला नाही आणि मीही मागितला नाही; तिथं तो पोटभर खात होता. त्या साली शेजाऱ्याचा एक बैल आमच्या उरलेल्या बैलाच्या जोडीला घेतला आणि त्याचा, म्हणजे भावजींच्या पेटीचाच, पैरा मी शेजाऱ्याच्या लावणीत चिखलात वाकून फेडला.

पेटी अजून अंगणाच्या कडेला आहे. उपटलेली फळी भावजींनी जाण्याआधी पुन्हा ठोकून घट्ट केली, का ते देव जाणे. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. दर दिवाळीला भावजी येतात, पेटीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "वैनी, एक बाजू उघडती केली की झालं बघा."

गोठ्याला अजून ताटीच आहे. दर साली पाऊस उघडला की मी कामांची यादी करते आणि वरचं काम तेच असतं: पेटीचे खिळे काढायचे, फळ्या जोडायच्या, दार बसवायचं. बिजागऱ्या मी तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत.