जाहिरातीतली पात्रतेची ओळ

१२ जून, गुरुवार. हातातलं काम: नोकरीची जाहिरात लिहिणं. आमच्या मालकांना फायनान्स मॅनेजर नेमायचा होता, आणि जाहिरात मी लिहावी असं त्यांनी कॉफी पिता पिता सांगितलं. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. फाउंड्रीतून पंपांची कास्टिंग्ज, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, येतात; आम्ही ती मशीनवर तासून पुढे पाठवतो. तिथले हिशेब एकोणीस वर्षं मी सांभाळते. म्हणजे जो माणूस माझ्या डोक्यावर येऊन बसणार, त्याचीच जाहिरात मला लिहायची होती.

"पात्रता काय लिहू, सर?"

"क्वालिफाइड लिहा. सी.ए., कॉस्ट अकाउंटंट, ते लंडनवालं काय असतं ते. तुम्हालाच कळतं त्यातलं. सोमवारी द्या."

मला त्यातलं कळत नव्हतं. मी सांगलीची बी.कॉम. लग्न होऊन चेन्नईला आले, त्यानंतर कुठली परीक्षा दिली नाही. एकोणीस वर्षं या शिकलेल्या लोकांच्या हातात फायली दिल्या, पण त्यांच्यात एकमेकांत फरक काय हे कधी विचारलं नाही. ती जागा मला मिळावी असं मनात होतं, आणि ती हातची जाणार हे दिसत होतं. राग आला. पण ती एक ओळ भरायची तर आधी माहिती हवी होती.

रात्री फोनवर शोधलं. सगळीकडे क्लासच्या जाहिराती, हसणारी मुलं आणि पगाराचे आकडे. त्यावरून काही ठरेना. मग आमच्या फोरमनची पद्धत उचलली. जुनी मशीन विकत घेताना तो 'ही काय काय करते' असं विचारत नाही, 'काल हिने काय केलं' एवढंच विचारतो. मीही तेच विचारायचं ठरवलं: काल सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत होता?

शुक्रवारी दुपारी फायली घेऊन नुंगंबाक्कमला आमच्या ऑडिटरकडे गेले. पासष्टीचे सी.ए., कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, टेबलावर कागदांचे ढीग.

"काल अकराला?" त्यांनी डायरी उघडली. "एका मिठाईवाल्याला समजावत होतो की दुकान बायकोचं आणि भट्टी भावाची असेल तर दोघांचा खर्च एका वहीत बसत नाही. दीड तास. शेवटी त्याने मला अर्धा किलो म्हैसूरपाक दिला आणि ऐकलं काहीच नाही."

जाहिरातीचं सांगितल्यावर ते हसले. "सी.ए.ला अंबत्तूरला बसवणार? वर्षात पळेल. ऑडिटवर सही करता येते हा आमचा मोठा मान. पण कंपनीत नोकरीला लागला की त्या कंपनीचं ऑडिट त्याला करता येत नाही. मग तुमच्याकडे तो करणार काय?"

हा नियम मला माहीत होता. त्याचा आमच्या जाहिरातीशी संबंध आहे, हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत सात-आठ आर्टिकल, म्हणजे शिकाऊ मुलंमुली व्हाउचरवर बरोबरच्या खुणा करत बसली होती. सी.ए. व्हायचं तर असं दोन वर्षं पूर्णवेळ बसावं लागतं, दुसरी नोकरी चालत नाही. मी सहज विचारलं, "माझ्या वयाचं कोणी येतं का हो इथे?"

"एक आल्या होत्या. फार हुशार. पण झेरॉक्स काढून आणा म्हणायची माझी हिंमत होईना. त्या होत्या तोवर माझ्या झेरॉक्स मीच काढायचो." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "जाहिरातीसाठीच विचारताय ना?"

"जाहिरातीसाठीच," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना वरच्या मजल्यावरची नाशिकची मुलगी भेटली. ती ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरच्या एका ऑफिसात लंडनच्या कंपनीचे हिशेब बघते आणि तिकडचीच परीक्षा देते. तेरापैकी अकरा पेपर झालेत.

"काल अकराला? काकू, काल अकराला मी झोपले होते! आमची शिफ्ट दुपारी दोनला सुरू होते."

"बरं, मग संध्याकाळी सातला?"

"महिन्याच्या मध्याचा रिपोर्ट जुळवत होते. आठ हजार ओळी."

"ती कंपनी बनवते काय?"

तिने चिमटा तोंडात धरून विचार केला. "दारं, बहुतेक. की दारांची कुलुपं? काकू, मला फक्त कोड दिसतात."

परीक्षा संगणकावर, वर्षातून चार वेळा, नोकरी सांभाळून देता येते. फी मात्र पौंडात. पगार विचारला. तिने सांगितला. मी बादली खाली ठेवली.

"पण इथल्या ऑडिटवर तुझी सही चालत नाही ना गं?"

"मला कुठे सही करायचीय? मला दुबईला जायचंय."

तिचा हिशेब स्वच्छ होता. मला दुबईला जायचं नव्हतं, आणि आमच्या कारखान्यालाही नाही.

शनिवारी आम्हाला अर्धा दिवस काम असतं. सुटल्यावर चालत फाउंड्रीत गेले, जिथून आमची कास्टिंग्ज येतात. तिथे एक बाई कॉस्ट अकाउंटंट आहेत, पन्नाशीच्या. फोनवर आमची बरीच भांडणं झाली होती, पण समोरासमोर भेट पहिलीच. सुती साडी आणि तिच्याखाली कारखान्याचे जाड बूट.

"काल अकराला भट्टीपाशी उभी होते. तीन दिवस लोखंड तितकंच वितळत होतं आणि कास्टिंग कमी निघत होतं. मधलं जातं कुठे?"

"कुठे जात होतं?"

"साच्यात. साच्याची वाळू देणारा बदललाय. नवीन माणसाची वाळू स्वस्त, पण ओलसर. दहातली दोन कास्टिंग भोकं पडून परत भट्टीत. खरेदीवाल्याने वाळूत पैसे वाचवले म्हणून मालकाची शाबासकी घेतलीसुद्धा!"

मी तासभर बसले. नोकरीत राहून ही परीक्षा देता येते आणि कामाचा अनुभव प्रशिक्षणात धरतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. पण त्यांनी गोड चित्रही रंगवलं नाही. "जागा कमी निघतात. लोक जाहिरातीत सी.ए. मागतात आणि काम माझं सांगतात. लग्नात सासूबाईंनी तीनदा विचारलं, म्हणजे सी.ए. नाहीच का?" मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि मॅडम, तुम्ही काल अकराला काय करत होता?"

"पॅकिंगमध्ये उभी होते. तुमच्या लॉटमधली कास्टिंग्ज ग्राहकाकडून परत का येतात ते बघत."

"अय्यो," त्या म्हणाल्या. "मग जाहिरात कोणासाठी देताय?"

सोमवारी मालकांसमोर मसुदा ठेवला. पात्रतेच्या ओळीत कॉस्ट अकाउंटंट लिहिलं होतं. का ते सांगितलं, वाळूची गोष्टही सांगितली. त्यांना पटलं. मग पुढचं वाक्य बोलले, जे रविवारभर तमिळमध्ये घोकलं होतं. माझी तमिळ आकड्यांत चोख आहे, बाकी यथातथा.

"सर, ही जागा मला का नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात मोठा ग्राहक कंपनी तपासायला येतोय, मॅडम. त्यांच्या फॉर्मात नावापुढे अक्षरं लागतात."

"माझ्या नावापुढे बी.कॉम. आहे."

"ते माझ्या ड्रायव्हरच्या मुलीच्या नावापुढेही आहे."

"तीन-चार वर्षांत दुसरी अक्षरंही येतील."

"तोवर ग्राहक थांबेल?"

नाही थांबणार. त्यांचं खरं होतं, आणि मी तसं म्हटलं. जागा गेली. मग मसुद्यात आणखी एक ओळ घालायची परवानगी मागितली: हाताखालच्या परीक्षार्थीला शिकवायची तयारी हवी. शिवाय परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा, ती जाहिरातीबाहेर.

"परीक्षार्थी कोण?"

"मी."

"या वयात?"

"तुम्ही साठाव्या वर्षी संगणकावर चालणारी मशीन आणलीत."

"मी ती शिकलो नाही हो, विकत घेतली!" ते मोठ्याने हसले. मग पेन काढून ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, इंग्रजीत, दोन चुकांसकट. "सेरी, ठीक आहे. रजेचं बघू. आधी पास व्हा."

चुका दुरुस्त करून जाहिरात संध्याकाळी पाठवून दिली. रात्री कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा स्वतःचा नोंदणीचा फॉर्म उघडला आणि तिसऱ्याच रकान्यात अडले. दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं माहेरचं नाव आहे, आधार कार्डावर सासरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास उशिरा येते असं ऑफिसला कळवलं आणि दोन्ही कागद घेऊन स्टेशनजवळच्या नोटरीकडे गेले. त्याने स्टॅम्प पेपरवर टाइप केलं की या दोन नावांची बाई एकच आहे. मी दोन प्रतींवर सही केली, एक प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि अंबत्तूरची गाडी पकडली.