पोथीला सुई न लावणारा

"उचल! आधी उचल ते! माझ्या फळीवरून उचल, नायतर फळीसकट विहिरीत टाकतो!"

आमचा बाइंडर स्टुलावर उभा राहून ओरडत होता. अंधेरीच्या आमच्या छापखान्याला पत्र्याचं छप्पर, त्यामुळे त्याचा आवाज वर आपटून दुप्पट होऊन खाली यायचा. त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या गोठ्यात त्या आवाजानं म्हशींनी दूध चोरलं, असं गवळी शपथेवर सांगत होता. मला वाटलं, फळीवर नाग निघाला. मी छपाईचे खिळे जुळवायचं टाकून लोखंडी पट्टी घेऊन धावलो. पाहतो तर फळीवर ताज्या छापलेल्या कागदांची चळत. कुणा भक्तानं छापायला दिलेलं देवीचं माहात्म्य. शाई अजून ओली होती.

नाग असता तर हा माणूस स्टुलावर चढला नसता, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. नाग तो शेपटीला धरून गोणीत घालायचा आणि गोणीवर बसून डबा खायचा. मढच्या समुद्रात एकदा पोहताना त्याच्यासमोर मोठी मुशी आली, शार्कच म्हणा. ती त्याला बघून माघारी वळली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही. हे मला मुशीनं सांगितलेलं नाही, पण तोही खोटं बोलणारा नव्हता. असा हा दांडगा गडी. अंधेरीच्या पूर्वेला शेतं संपतात तिथल्या गावठाणातला ख्रिस्ती, बोलणं आमच्याइतकंच मराठी, गळ्यात क्रूस, कमरेला खळीनं कडक झालेलं फडकं. आणि दुसऱ्या धर्माचं छापील पान पाहिलं की या देहाला थरथर सुटायची.

मालक आतून ओरडले, "अरे, घडी घालायला सांगितलंय, पूजा नाही सांगितली!"

"घडी घालायची तर पानाचा आकडा बघाया लागतो, मालक. आकडा बघताना ओळ दिसते. ओळ दिसली का वाचली जाते. डोळ्याला झाकन नाय."

"मग वाचली तर काय मरशील?"

"मरायचं भ्या नाय," तो खाली उतरत म्हणाला. "मेल्यावर कुठं ठेवतील त्याचं भ्या."

त्या वेळी आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

त्या पोथीच्या घड्या मग माझ्या गळ्यात पडल्या. मी अशा काही घातल्या, की चौथ्या अध्यायात देवीनं मारलेला राक्षस सातव्या अध्यायात जन्माला आला आणि शेवटच्या पानावर देवी लहान होऊन पाळण्यात झोपली. तो भक्त छत्री उगारून छापखान्यात आला. तेव्हापासून मालक पोथ्यांची बांधणी दादरला पाठवायला लागले. पण बाइंडराला त्यांनी काढलं नाही; त्यानं शिवलेली वही हत्तीनं ओढली तरी उसवत नसे.

तुम्ही म्हणाल, हे वेड एकट्या त्याचंच. तर आमच्या घरचं ऐका. स्टेशनच्या रस्त्यावर एक धर्मोपदेशक छोटी पुस्तकं फुकट वाटायचा, वर खांद्यावर कोकरू घेतलेल्या माणसाचं चित्र. फुकट म्हटल्यावर मी घेतलं. आई आमची मालवणकडची. तिनं ते माझ्या खिशातून डोकावताना पाहिलं.

"ह्या काय हाडलंस रे मेल्या? उचल ता!"

"अगं, कागद आहे."

"देवाचा नाव आसा त्याच्यात. आपलो नाय म्हणून काय झाला, देव तो देव. उगाच खवळलो तर?"

चुलीत घालावं तर पाप, कचऱ्यात टाकावं तर पाप, घरात ठेवावं तर त्याहून पाप. शेवटी तिनं ते चिमट्यात धरलं, हात लांब करून पडवीत नेलं आणि कौलांच्या खाली वाशात खोचलं. घराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. पुढे वर्षभर आमच्या पडवीत कुणी शिंकलं तरी ती वाशाकडे बघायची.

हे मी बाइंडराला हसवायला सांगितलं. तो हसला नाही. "तुजी आय शहानी बाई हाय," म्हणाला. "तुज्या लग्नाची बायको घरात असताना दुसऱ्या बाईची चिठ्ठी वाचशील काय?"

"वाचीन की."

"म्हनून तुजी बायको माहेरी पळते." मग बराच वेळ तो दोऱ्याला मेण लावत बसला. "आमची आजी सांगायची. फिरंग्यांच्या वक्ताला गावच्या विहिरीत पाव टाकला. लोकांनी सकाळी पानी प्यालं आनि दुपारी कळलं, आपन बाटलो. झालं. आजी म्हनायची, आपन एका घोटात इकडं आलो, तर एका ओळीत तिकडं जाऊ. सांभाळून ऱ्हावा."

"अरे, घोट पोटात जातो. ओळ कुठे जाते?"

"तेच तर माइत नाय ना, कोकण्या."

त्याच्या थोरल्या भावाची गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, तीही काम करता करता, माझ्याकडे न बघता. भाऊ वाचनाचा वेडा. दुसऱ्या पंथाचा एक उपदेशक सायकलवरून गावठाणात यायचा, त्याच्याकडून त्यानं पुस्तकं घेतली. आधी एक, मग दुसरं. मग रविवारी चर्चला जायचं बंद केलं. मग फादरशी भर रस्त्यात वाद घातला. आणि एका तापात गेला. गावानं त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरला, बांधाला लागून, जिथं शेळ्या चरायच्या.

"दोन नोव्हेंबरला आमी सगळे मेलेल्यांच्या थडग्यावर मेनबत्त्या लावतो. भिंतीच्या आत सगळा उजेड. आमची आय बाहेर एक मेनबत्ती घेऊन बसायची. बाहेर वारा. पेटवली का विझायची. मी हाताचा आडोसा करायचा, ती पेटवायची. आतून मानसं बघायची, पन बाहेर कोन येयाचा नाय."

आता त्याची बायको भिंतीच्या आत होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. या माणसाला जगात एवढंच हवं होतं. तिच्या बाजूला झोपायचं. ते ऐकल्यापासून स्टुलावरच्या त्या उडीला मी पुन्हा हसलो नाही.

आता आमच्या आईची पोथी. तीही देवीच्याच माहात्म्याची. आजोबांनी लग्नात दिलेली, जुन्या छापाची, बांधीव. रोज एक अध्याय वाचल्याशिवाय आई अन्नाला शिवत नसे. नेम मोडला तर माझं काहीतरी वाईट होईल, अशी तिची पक्की खात्री. आणि एक दिवस उंदरांनी खळीच्या वासानं पोथीची पाठ कुरतडली. पानं घरभर. मोडकी मूर्ती पुजत नाहीत तशी फाटकी पोथी वाचत नाहीत, म्हणून आईनं वाचन थांबवलं आणि जेवणही थांबवलं. दुसरी पोथी नको, बापाशीनं दिलेलीच हवी. बाजारच्या बाइंडराकडे द्यायची नाही. कुणाचे हात, कुणाची खळ! शेवटी मीच शिवतो म्हणालो. सुई पोथीत कमी आणि माझ्या बोटात जास्त गेली. आई पाण्यावर होती, आणि तिचा आवाज सुतासारखा बारीक होत चालला होता.

छापखान्यात मी हे बोललो. बाइंडरानं हातातली वही खाली ठेवली. त्याची बायको आजारात पडून होती तेव्हा आई तिला रोज पेज पाठवायची, हे त्यालाही आठवत होतं आणि मलाही. पण तो विषय दोघांनीही काढला नाही. दुपारच्या सुट्टीत त्यानं दाभण, सुई, मेणाचा दोरा फडक्यात गुंडाळला.

"चल."

"कुठे?"

"तुज्या घरी."

"अरे, पोथी आहे ती!"

"माइत हाय. तोंड बंद ठेव. तुज्या आयला सांगू नको, तिचा देव बाटंल. माज्या फादरला सांगू नको, मी बाटंन."

पडवीत, त्या वाशाखालीच, तो भिंतीकडे तोंड करून बसला. कमरेचं फडकं सोडलं आणि डोळ्यांवर करकचून बांधलं. "पानं तू लाव. आकडे तू बघ. मना फक्त पाठ दे." मी पानं लावली, ठोकून सारखी केली, त्याच्या गुडघ्यांमध्ये दिली. पहिला टाका घालण्याआधी त्यानं क्रूसाची खूण केली.

डोळे बांधले होते. कानांचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

आत चटईवर पडून आई आठवेल तसा अध्याय म्हणत होती. वाचायचं नाही, पण म्हणायला काय हरकत! म्हणत होती तो भाग असा : एका बाईला देवळात येऊ देत नाहीत. ती दिवा घेऊन बाहेर, कुंपणापाशी उभी राहते. आत मोठी आरती चाललेली. वाऱ्यानं तिचा दिवा विझतो, ती लावते, पुन्हा विझतो. तेव्हा देवी आरती सोडून उठते, उंबरा ओलांडते आणि बाहेर येते.

तिथं आई अडखळली. पुढचं तिला आठवेना.

सुई थांबली होती. मी बाइंडराकडे पाहिलं. डोळ्यांवरचं फडकं खाली ओलं होत होतं.

"मग?" तो कुजबुजला. "बाहेर आली. मग?"

"मग काय," मी म्हणालो, "तिथंच बसली. त्या बाईच्या शेजारी. सकाळपर्यंत आत गेली नाही."

त्यानं पुन्हा सुई उचलली. राहिलेले टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग फडकं ओढून काढलं आणि पोथीकडे न बघता असा निघाला, की जणू मागे कुणी हाक मारील.

आई त्या दिवशी जेवली. "माझ्या झिलान शिवली!" म्हणून तिनं आळीभर मिरवलं. आळीतल्या कुणाचाही विश्वास बसला नाही, पण उपाशी राहून उठलेल्या बाईशी कोण वाद घालतो?

बाइंडराचं मात्र तेव्हापासून बिनसलं. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. प्रसाद घ्यायला सगळे पुढे जायचे, हा खाली बघत राहायचा. फादरची सायकल छापखान्यावरून जायची. घंटी वाजली की हा एवढा पुरुष कागदाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायचा.

"अरे, शिवली त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "जा, कबूल कर, मोकळा हो."

"शिवली त्याचं काय नाय." त्यानं दाराकडे पाहून घेतलं. "मना ते गोड लागलं रे. माज्या आयपाशी कोन आलं नाय. तुजी देवी आली."

"मग तेच सांग फादरला."

"सांगायचं तर पस्तावा पायजे. मी रोज बघतो आत, पस्तावा येतो काय म्हनून. येत नाय. पस्तावा नाय तर माफी नाय. माफी नाय तर भावाच्या बाजूची जागा."

मी त्याच्या पुढ्यातला दोरा ओढला आणि मेण लावायला बसलो.

पुढच्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो खाटेवर अर्धा उरला होता. फादर शेवटची कबुली घ्यायला आत गेले, दार लोटलं. मी बाहेर उभा. आतून पुटपुट ऐकू यायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. जेव्हा जेव्हा थांबायची तेव्हा मी दाराकडे सरकायचो : आता सांगतोय. आता सांगितलं. फादर बाहेर आले आणि सायकल काढून निघून गेले. मी आत शिरलो.

"सांगितलंस?"

"सगळं. दारू सांगितली. बायकोवर हात उचललेला, तो सांगितला. शेजाऱ्याचा फनस सांगितला."

"आणि ते?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "तिच्या बाजूला एकच जागा हाय रे."

"पण लपवलंस म्हणजे..."

"माइत हाय. ते सगळ्यांत मोठं पाप. पुढं त्याचं काय व्हईल ते माइत हाय." त्यानं माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती, पण हात थंड होता. "नरक हाय, कोकण्या. तू हसशील, पन हाय तो. मना दिसतो. पन आदी तिच्या बाजूला झोपू दे."

मी हसलो नाही. भ्यालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या आहेत. या एका गोष्टीला काही लावायची मला कधी गरज पडली नाही.

त्याला भिंतीच्या आत पुरला, बायकोच्या बाजूला. सारं गावठाण होतं. माती लोटून झाली, माणसं पांगली, मी फाटकापाशी रेंगाळलो. फादर शेवटी बाहेर आले. मी टोपी काढली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "फादर, समजा हं, एखाद्या ख्रिस्ती माणसाला दुसऱ्याच्या देवाची गोष्ट ऐकून रडू आलं, आणि त्याचा त्याला पस्तावा झाला नाही. तर त्याला इथं आत जागा मिळते का?"

फादरांनी सायकल भिंतीपासून वेगळी केली, कॅरियरला पिशवी लावली.

"मला बिशपसाहेबांना विचारावं लागेल," ते म्हणाले.