कानापुढची नाडी

मुंबईच्या डॉक्टरची नक्कल मी अशी करायचो की खुद्द त्यांनीही वळून पाहिलं असतं. नाक वर, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि म्हणायचं, "डोक्याला टोपी नाही, फेटा नाही, रुमाल नाही. चष्म्याची दांडीसुद्धा सैल पाहिजे." वाशिमजवळच्या मालेगावात आमच्या ओसरीवर माणसं पोट धरून हसायची.

त्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं ते माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. तो शाळामास्तर. शिकवता शिकवता त्याची जीभ अडकायची, हातातला खडू गळायचा. मेंदूला रक्त नेणारी नळी अरुंद झाली होती. आणीबाणी उठली त्या सुमारास मुंबईत त्याच्या डाव्या कानापुढची, कातडीखालची नळी सोडवून कवटीतून आत जोडली. निघताना डॉक्टरांनी माझं बोट तिथं टेकवलं. टुकटुक लागत होती. "ही चालू आहे तोवर घोर नाही. हिच्यावर दाब पडू देऊ नका."

गावात मी सगळं रंगवून सांगितलं: लिफ्टमध्ये दादानं घातलेला रामराम, समुद्र, इस्पितळाचं पाणचट वरण. दादा बाजेवरून दुरुस्त्या करायचा. "लिफ्टमंदी रामराम तूच म्हणून राह्यला होता." एकही शब्द न अडकता. ते ऐकायलाच मी खोटं बोलायचो.

माय डोळे पुसत हसायची. "काय सोंगाड्या हाय माह्या पोटचा."

रोज सकाळी मी दादाच्या कानापुढं बोट ठेवायचो. "जिता हावो का मी?" तो विचारायचा.

एक दिवस त्याच्या गोळ्या आणायला मी वाशिमला गेलो. स्टँडवर चहाच्या टपरीत ओळखीचे भेटले, डॉक्टरांच्या नकलेची फर्माईश झाली. दुपारची गाडी त्यातच चुकली.

दिवस कलताना घरी पोचलो. दादा बाजेवर निजला होता. डोक्याभोवती मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी, पीळ देऊन आवळलेली. आमची डोकी दुखली की लहानपणापासून ती अशीच बांधायची.

"डोकसं लय दुखून राह्यलं होतं त्याचं," माय सांगू लागली. "तो नोको नोको म्हणे, डॉक्टरनं सांगतलं म्हणे. मी म्हटलं, ते तं तुह्या भावाचं सोंग हाय रे. मंग हासला अन् डोकसं पुढं केलं. बांधलं तसा झोपला पाह्य."

मी पट्टी सोडली. कपाळावर वळ उठला होता. कानापुढं बोट ठेवलं, खाली सरकवलं, वर सरकवलं. काहीच लागेना.

दादानं डोळे उघडले. ओठ हलले, शब्द आला नाही. उजवा हात उचलेना.

"काय झालं रे याले?" माय म्हणाली. "काहून बोलत नाही?"

मी चष्मा काढला. सोग्यानं पुसला. डॉक्टरच्या आवाजात म्हणालो, "नळी आतून बंद झाली. हे होणारच होतं. कोणाचाही दोष नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. मायनं मान हलवली. दादानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पुढं तो सहा वर्षं जगला, न बोलता. अधूनमधून त्याचं डोकं दुखायचं. माय पट्टी फाडून आणायची, आणि तो माझ्याकडं न बघता डोकं पुढं करायचा.